एकाच चर्चमधल्या सिस्टर इतक्या वेगवेगळ्या का? भाचीच्या निर्णयासाठी विचारतेय

मिरजेची वाचक:

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा ही विनंती.

आम्ही मिरजेचे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आजोबांपासून घरातलं कुणी ना कुणी मिशन हॉस्पिटलात नोकरीला, त्यामुळे सगळं वातावरण प्रोटेस्टंट आणि कॅथलिक लोकांचं आतलं फारसं माहीत नाही. माझ्या चुलत बहिणीने कॅथलिक घरात लग्न केलं, ती सांगलीत विश्रामबागला असते. तिची थोरली यंदा बीएस्सी झाली आणि आता म्हणते मला सिस्टर व्हायचंय, म्हणजे नन, नर्स नव्हे. आधी रडारड, मग अबोला, आता निदान ऐकून घ्यायला लागलेत, पण वाद भलत्याच ठिकाणी अडकलाय.

पोरगी दोन ठिकाणी राहून आली. एक जत तालुक्यात, तिथे तीन सिस्टर भाड्याच्या घरात राहतात, सुती साडी, गळ्यात छोटा क्रूस, बचत गट चालवतात, शाळा सुटलेल्या मुलींचे वर्ग घेतात, टँकर आला नाही की बायकांबरोबर तहसीलला जाऊन बसतात. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, मधला दिवस सगळा गावात. दुसरं ठिकाण लांब दक्षिणेकडे, बंद मठ, तपकिरी झगा, डोक्यावर काळं कापड, आई भेटायला गेली तरी मधे जाळी, दिवसाचा बराच वेळ मौन, बाहेर पडायचं ते दवाखान्यापुरतं.

मेहुणे म्हणतात खऱ्या सिस्टर त्या जाळीआडच्या, जतच्या म्हणजे एनजीओ, साडी नेसून समाजकार्य करायला ब्रह्मचर्याची, गरिबीची, आज्ञापालनाची व्रतं कशाला पाहिजेत. बहीण म्हणते काही का असेना, जतला एसटी जाते, पोरगी डोळ्यांना दिसेल तरी. फादरना विचारलं तर म्हणाले दोन्ही चांगलं आहे. असेल हो चांगलं, पण एकाच पोपच्या हाताखाली हे एवढं वेगळं कसं? मेहुणे म्हणतात तसं एक खरं आणि एक बिघडलेलं असं काही आहे का? कधीपासून झालं हे? भाची मधल्यामधे गप्प आहे आणि तिच्याकडे बघवत नाही. ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

यवतेश्वर:

ताई, मी साताऱ्याचा, कॅथलिक, तरुणपणी काही वर्षं पुण्याला सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला, होतो, नंतर बाहेर पडलो आणि आयुष्यभर इतिहास शिकवला. सविस्तर लिहितो कारण तुमच्या मेहुण्यांसारखं बोलणारे आमच्यात खूप आहेत आणि त्याच्या उलट बोलणारेही तेवढेच, दोन्हीकडच्यांना अर्धीच गोष्ट माहीत असते.

१९६२ ते ६५ रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी सभा, भरली. त्याच्या आधीच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टर राहतात त्या मठात, बारीकसारीक गोष्टीला परवानगी लागायची. घरून आलेलं पत्र तिथल्या प्रमुख मदर सुपिरियर आधी उघडून वाचणार, बाहेर जायचं तर जोडीनेच, कित्येक संस्थांत आई वारली तरी मातीला जाता यायचं नाही. अंगावरचे झगे बहुतेक वेळा संस्थापिकेच्या काळातले, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममधल्या विधवा किंवा खेड्यातल्या बायका दोनशे वर्षांपूर्वी जे घालायच्या ते, आणि तेच मुंबई-पुण्याच्या उकाड्यात घालायचं. बरं, हे बदला म्हणून परिषदेच्या आधीच, १९५० च्या दशकात, पोप बारावे पायस यांनी स्वतः सांगितलं होतं, आणि त्यांना कुणी आधुनिक म्हणणार नाही. फारसं कुणी ऐकलं नाही एवढंच.

मग २८ ऑक्टोबर १९६५ ला परिषदेने व्रतस्थ जीवनाबद्दलचा हुकूमनामा काढला, 'पर्फेक्ते कारितातिस' त्याचं लॅटिन नाव. २,३२१ मतं बाजूने आणि विरोधात फक्त ४. इतक्या एकमताने मंजूर झालेल्या कागदावरून पुढे पन्नास वर्षं भांडण चाललंय हे लक्षात घ्या. आणि मत देणारे सगळे पुरुष. जगात तेव्हा दहा लाखांच्या आसपास सिस्टर होत्या, त्यांच्यातल्या एकीलाही मताचा हक्क नव्हता. १९६४ पासून थोड्या बायकांना श्रोता म्हणून बसायला दिलं, सगळ्या मिळून २३, त्यात निम्म्याहून कमी सिस्टर.

त्या कागदात दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्यात. एक, आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा. दोन, आजच्या काळाला आणि तुम्ही जिथे राहता त्या जागेला जुळवून घ्या. माझं ठाम मत आहे की फूट इथेच आहे, या दोन वाक्यांच्या मधे. सिस्टर लोक हुकूम मोडून वेगळ्या झाल्या नाहीत, हुकूम पाळूनच झाल्या. काही संस्थांनी जुनी कागदपत्रं काढून बघितली तर त्यांना दिसलं की आपली संस्थापिका गल्लीबोळात गरिबांच्या घरी जायची, साधे कपडे घालायची, भिंतीआड नंतरच्यांनी बसवलं. त्यांनी भिंत सोडली. दुसऱ्यांनी आपली कागदपत्रं उघडली तर तिथे मौन, उपास, रात्रीची प्रार्थना, एकांत. त्यांनी भिंत राखली. दोघी म्हणणार आम्ही मुळाकडे गेलो, आणि दोघी खरं बोलतायत.

१९६६ ला रोमने अंमलबजावणीचे नियम काढले, दोन-तीन वर्षांत प्रत्येक संस्थेने खास महासभा घ्यायची, त्याआधी सगळ्या सदस्यांचं मत विचारायचं आणि काही काळ प्रयोग करून बघायला मोकळीक. विचार करा, जिला आतापर्यंत पत्र बंद करून पाठवायची मुभा नव्हती तिच्या हातात प्रश्नावली आली की तुझं काय म्हणणं आहे. वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण लॉस एंजेलिसचं. इमॅक्युलेट हार्ट नावाच्या संस्थेच्या सिस्टर शाळा चालवायच्या, कित्येक सिस्टरना पुरेसं शिक्षण न घेताच वर्गावर उभं करायचे आणि वर्गात पोरं कोंबलेली. १९६७ च्या महासभेत त्यांनी ठरवलं की तयारी झाल्याशिवाय शिकवणार नाही, कपडे काय घालायचे आणि प्रार्थना कधी करायची ते आपण ठरवू. तिथले मोठे धर्माधिकारी कार्डिनल मॅकिंटायर यांनी ठाम विरोध केला, रोमने त्यांची बाजू घेतली, एकसारखा पेहराव पाहिजे, रोजची सामूहिक प्रार्थना पाहिजे, स्थानिक बिशपचं ऐकलं पाहिजे. १९७० ला तीनशेहून जास्त सिस्टरनी व्रतं सोडली आणि व्रतांशिवायचा वेगळा समुदाय काढला, त्यांच्या प्रमुख होत्या अनिता कॅस्परी. थोड्या जणी जुन्या पद्धतीने मागे राहिल्या. एकत्र जेवलेल्या, एकमेकींच्या आजारपणात रात्र रात्र जागलेल्या बायका अशा दोन बाजूंना झाल्या.

अमेरिकेत हे इतकं टोकाला गेलं की आज तिथे सिस्टरच्या प्रमुखांच्या दोन वेगळ्या अधिकृत संघटना आहेत. जुनी १९५६ ची, बहुसंख्य सिस्टर तिच्यात. दुसरी १९९२ ला रोमने मान्य केली, झगा आणि सामूहिक जीवन ठेवणाऱ्यांची. मेहुण्यांना सांगा, दोन्ही पोपच्या शिक्क्याच्या.

कोयनाकाठ:

यवतेश्वर सरांचं नेहमी वाचतो, मान आहे, पण ही बाजूही ताईंच्या मेहुण्यांपर्यंत गेली पाहिजे म्हणून लिहितो. मी कराडचा, जुन्या वळणाचा कॅथलिक.

अमेरिकेत १९६५ साली १ लाख ८० हजारांच्या आसपास सिस्टर होत्या, २०१४ ला ५० हजारांच्या खाली आल्या. युरोपात तेच. म्हाताऱ्या सिस्टर एकेकट्या फ्लॅटमध्ये राहतात, मठ विकून तिथे हॉटेलं झाली. परिषदेने पेहराव साधा करा सांगितलं, काढून टाका असं कुठेही सांगितलेलं नाही. प्रार्थना काळाला धरून करा सांगितलं, ज्याने त्याने आपापल्या खोलीत उरका असं नाही. एकेक गोष्ट सोडत गेले, आधी वेल म्हणजे डोक्यावरचं कापड, मग एकत्र प्रार्थना, मग एकत्र जेवण, मग एका छताखाली राहणं, आणि शेवटी मुलीने घर कशासाठी सोडायचं हेच उरलं नाही. समाजसेवा ती नोकरी करून, लग्न करूनही करू शकते. तुमचे मेहुणे एनजीओ म्हणतात ते रागाने म्हणत असतील पण मुद्दा पोकळ नाही. आजही अमेरिकेत झगा ठेवणाऱ्या नॅशव्हिलच्या डॉमिनिकन सिस्टरकडे तरुण मुली जातात.

मी लफेव्हरवाला नाही हेही सांगतो. त्या आर्चबिशपनी १९७० ला स्वित्झर्लंडमध्ये वेगळा संघ काढला आणि १९८८ ला पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप अभिषिक्त केले, ते चूकच होतं. पण त्यांच्यामागे लोक का गेले याचा विचार करायला नको का? १९६९ ला नवी मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची नवी पद्धत, आली आणि लोकांना वाटलं रात्रीतून आपलं घर बदललं. २००७ ला पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली, २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी ती परत आवळली. सामान्य माणसाने कुठे उभं राहायचं?

आणि आपल्याकडचं बोलतो, कारण हे कुणी बोलत नाही. १९६९ लाच रोमने भारतातल्या मिस्सेसाठी बारा बदल मंजूर केले, चपला बाहेर, खाली मांडी घालून बसणं, हात जोडणं, मेणबत्तीच्या जागी समई, आरती. ख्रिस्ती आश्रम आधीपासून होते, ते वाढले, भगवी वस्त्रं आणि संस्कृत श्लोक जास्त दिसू लागले. ज्यांनी हे आणलं ते शिकलेले, चांगल्या मनाचे होते. पण आमची आजी गावकुसाबाहेरची, तिला देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, ती ख्रिस्ती झाली ती तिथून सुटायला. तिच्यापुढे आरतीचं ताट फिरवलं तेव्हा ती उठून बाहेर जाऊन बसली आणि मिस्सा संपेपर्यंत आत आली नाही. आपली संस्कृती म्हणतात ती नेमकी कुणाची, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सुधारणा वरून येते तेव्हा असं होतं.

निवृत्त स्टाफनर्स:

मी सांगलीची. इतिहास तुम्हा लोकांना जास्त कळतो, मी बघितलेलं आणि आईकडून ऐकलेलं सांगते.

आमची आई महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला एका कॉन्व्हेंटच्या धुलाईच्या खोलीत कामाला होती, लग्नाआधीपासून. सिस्टरच्या गळ्याभोवतीची पांढरी पट्टी आणि कपाळावरची पट्टी, त्याला भाताच्या पेजेची खळ करून कडक करायची, मग कोळशाच्या इस्त्रीने एकेक चुणी बोटाने धरून बसवायची. डाग पडला तर परत पहिल्यापासून. त्या भागातला पाऊस तुम्हाला माहितीय, चार महिने काही वाळत नाही, जाड लोकरीचा काळा झगा तर नाहीच, मग शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर झगे वाळवायचे आणि सगळ्या कपड्यांना धुराचा वास. आई म्हणायची मानेला त्या पट्टीने घट्टे पडलेले असायचे सिस्टर लोकांच्या, उन्हाळ्यात तिथली कातडी सोलून निघायची, पण कुणी बोलायचं नाही. त्यामुळे कोयनाकाठ दादा, झगा गेला म्हणून तुम्हाला वाईट वाटतं ते समजतं, पण तो धुणारीला आणि घालणारीला विचारा.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. तिथे सिस्टरमध्येच दोन दर्जे होते. एक शिकलेल्या, ज्या येताना घरून पैसा घेऊन यायच्या, त्या शिकवायच्या आणि लॅटिन प्रार्थना म्हणायच्या. दुसऱ्या कामाच्या सिस्टर, गरीब घरच्या, स्वैपाक, कोंबड्या, बाग, फरशी. व्रतं दोघींचीही, देव एकच, पण जेवायचं टेबल वेगळं, चॅपेलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रार्थनेच्या दालनात, बसायची जागा वेगळी, आणि कामाच्या सिस्टरना मत द्यायचा हक्क नाही. आईला सगळ्यात जास्त आश्चर्य याचं वाटायचं, म्हणायची आम्ही नोकर तर नोकर, पण ही तर त्यांची बहीण ना? परिषदेनंतर हे बंद झालं. म्हातारी कामाची सिस्टर पहिल्यांदा मोठ्या टेबलावर येऊन बसली तेव्हा तिला काटा-चमचा कुठे ठेवायचा कळेना, आणि शेजारच्या सिस्टरने आपला काटा खाली ठेवून हाताने जेवायला सुरुवात केली. हे आईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. सुधारणेने काय बिघडलं याची यादी करताना एवढं तरी त्यात धरा.

आणि २०१९ च्या महापुरात मी स्वतः बघितलं, कृष्णेचं पाणी पार पेठेत घुसलं होतं, तेव्हा सलवार कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून दोन सिस्टर छातीएवढ्या पाण्यातून होडीला धरून औषधं पोचवत होत्या. त्या पायघोळ झग्यात हे शक्य नव्हतं.

यवतेश्वर:

स्टाफनर्स ताईंनी लिहिलं ते मी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. त्या हुकूमनाम्यात स्पष्ट आहे की बायकांच्या संस्थांत शक्यतो एकच दर्जा ठेवा. पुरुषांच्या मठांतही तसंच होतं, ट्रॅपिस्ट लोकांत प्रार्थना म्हणणारे संन्यासी आणि शेतावर राबणारे ब्रदर वेगळे असायचे, तिथेही १९६५ लाच एकत्र केले. पण काही राबणाऱ्या ब्रदरना ते नको होतं हेही खरं आहे. त्यांना आपली साधी जपमाळ आणि शेत पुरे होतं, आता चॅपेलमध्ये बसून लांबलचक स्तोत्रं म्हणायची सक्ती झाली, कित्येक जण दुखावले. बरोबरी देतानासुद्धा समोरच्याला विचारावं लागतं.

कोयनाकाठ, आजीचा प्रसंग मनाला लागला आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमचं म्हणणं पटतं. भारतातल्या दलित ख्रिस्ती विचारवंतांनी हेच मांडलंय की आश्रमवाल्यांनी संस्कृती म्हणून उचललं ते वरच्या जातींचं.

पण आकड्यांबद्दल वाद घालतो. पाश्चात्त्य देशात सिस्टर कमी झाल्या त्याचं खापर नुसतं झगा सोडण्यावर कसं फोडता? त्याच वर्षांत मुलींना कॉलेजं उघडली, नोकऱ्या उघडल्या, घरात सहा-सात पोरं असायची तिथे दोन झाली. आधी शिकायचं आणि काही चालवून दाखवायचं असेल, शाळा, हॉस्पिटल, तर कॅथलिक मुलीला कॉन्व्हेंट ही जवळजवळ एकच वाट होती. जेझुइट या पुरुषांच्या संघाचं बघा, त्यांना कधी ठरावीक झगाच नव्हता, तरी १९६५ ला ३६ हजार होते ते आता १५ हजारांच्या खाली आहेत. त्यांच्यातही अशीच ओढाताण झाली. फादर पेद्रो अरुपे प्रमुख असताना १९७४-७५ च्या महासभेत ठरलं की श्रद्धेच्या सेवेत न्यायासाठी झटणं आलंच, त्याच्याआधी स्पेनमधल्या काहींनी कडक नियमांचा वेगळा प्रांत मागून झाला होता. १९८१ ला अरुपेंना पक्षाघात झाला तेव्हा पोप जॉन पॉल यांनी त्यांनी नेमलेल्या माणसाला बाजूला करून आपला प्रतिनिधी बसवला. भारतात तर संख्या वाढली, आज सिस्टर लाखाच्या घरात आहेत, झगावाल्या आणि साडीवाल्या दोन्ही. आणि साडीच म्हणाल तर मदर तेरेसांनी ती परिषदेच्या कितीतरी आधी नेसली.

आता ताई, मूळ प्रश्नाकडे. तपकिरी झगा, काळं वेल आणि जाळी म्हणजे तो कार्मेल मठ असणार. मेहुण्यांना त्याचा इतिहास जरूर सांगा. त्या मठाची सुरुवात केली आव्हिलाच्या संत तेरेसा यांनी, स्पेनमध्ये, १५६२ ला. का केली? तर त्या आधी ज्या मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये होत्या तिथे श्रीमंत घरच्या सिस्टर स्वतःच्या ऐसपैस खोल्यांत, गरीब घरच्या एकत्र दालनात, पाहुण्यांची ये-जा सारखी. तेरेसांनी लहान मठ काढला, सगळ्या सारख्या, सगळ्या आळीपाळीने स्वैपाक करणार. स्वतः बैलगाड्यांतून, खेचरांवरून फिरून सतराएक मठ उभे केले आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. शेवटी त्यावरून मूळ कार्मेल संघ फुटला, १५९३ ला यांचा वेगळा संघ झाला. म्हणजे मेहुणे जे जुनं आणि अस्सल म्हणून दाखवतात ते त्या काळातलं सुधारलेलं आहे, आणि तेव्हाही घरं फुटलीच होती.

परिषदेनंतर या कार्मेल सिस्टरनाही आपली घटना, म्हणजे नियमावली, नव्याने लिहायला सांगितली. वीसेक वर्षं घासाघीस झाली. माद्रिदजवळच्या मठाच्या मदर मारावियास यांच्या वळणाच्या मठांना तेरेसांचे १५८१ चे नियम शब्दशः पाहिजे होते, बाकी बहुतेकांना आशय ठेवून काळाप्रमाणे बदल. शेवटी पोपनी काय केलं तर दोन वेगळ्या घटना मंजूर केल्या, १९९० ला कडक, १९९१ ला दुसरी. एकच संघ, एकच संस्थापिका, एकच तपकिरी झगा आणि दोन घटना. त्यामुळे भाचीने तिथे जायचं ठरवलं तर तो मठ कोणत्या घटनेचा आहे एवढं आधी विचारा, रोजच्या जगण्यात फरक पडतो.

आणि मेहुणे एनजीओ म्हणतात त्यावर एकच सांगतो. केरळातल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संस्थेच्या संत अल्फोन्सा, १९४६ ला वारल्या, २००८ ला संत म्हणून घोषित झाल्या. आयुष्यातली बरीच वर्षं आजारी, भरणंगानमच्या कॉन्व्हेंटमधून फारशा बाहेर पडल्याच नाहीत. त्याच संस्थेच्या सिस्टर राणी मारिया, इंदूरकडे भूमिहीन मजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या, बचत करायला शिकवायच्या, जतच्या सिस्टर करतात तेच. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्यांना बसमधून ओढून भोसकून मारलं. २०१७ ला इंदूरलाच त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. एकाच संस्थेच्या, सारखीच व्रतं घेतलेल्या.

कोयनाकाठ:

राणी मारियांबद्दल दुमत नाहीच, आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. आणि महापुरातल्या त्या सिस्टरना माझा सलाम. एवढंच म्हणतो की त्यांच्याकडे ते बळ रोजच्या प्रार्थनेतून आलं, त्यामुळे भाचीने कुठेही गेलं तरी तिथे प्रार्थना खरोखर होते का हे बघावं.

मिरजेची वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील वाटलं नव्हतं. बहिणीला फोनवर वाचून दाखवलं, कामाच्या सिस्टरचा भाग ऐकून ती रडली. मेहुण्यांनी तेरेसाबाईंची गोष्ट परत वाचायला लावली, बोलले काही नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. नाही जमलं तर? म्हणजे गेली आणि चार-पाच वर्षांनी वाटलं की हे आपलं नव्हे, तर परत येता येतं का, का दार बंद? बहिणीला रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे.

वारणाकाठची:

ताई, मी आले परत. एका संस्थेत होते, तात्पुरती व्रतं घेतली होती, ती संपल्यावर पुढे घेतली नाहीत. आता घरी आहे, शिकवते, दर रविवारी मिस्सेला जाते. बहिणीला सांगा दार बंद नसतं.

चर्चचा कायदा १९८३ चा आहे, त्याप्रमाणे कमीत कमी एक वर्ष नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, त्यात कधीही उठून येता येतं, ते लोकही सांगू शकतात की तू जा. मग तात्पुरती व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षं, मुदत संपली की मोकळी, कुणाची परवानगी लागत नाही. कायमच्या व्रतांनंतर मात्र रीतसर अर्ज करावा लागतो. बंद मठांसाठी २०१८ ला रोमने नवीन नियम केले, तिथे कायमच्या व्रतांआधी कमीत कमी नऊ वर्षं जाऊ द्यावी लागतात. आधी इतका वेळ नव्हता. हेही सुधारणेतलंच, आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं, कारण विशीतल्या मुलीला घाईने बांधून टाकायचे दिवस गेले.

जे कुणी सांगत नाही ते सांगते. बाहेर आलं की तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, कायद्यात तसं आहे. संस्थेने न्यायाने आणि मायेने वागावं असंही त्याच कलमात आहे, पण ते माणसांवर अवलंबून. मी आले तेव्हा हातात एक बॅग आणि तिकिटाचे पैसे होते. पदवी तिथल्या खर्चाने झाली म्हणून नोकरी मिळाली, ज्यांना स्वैपाकघरातच ठेवलं होतं त्यांचं फार अवघड झालं. म्हणून जायच्या आधी विचारायला लाजायचं नाही, शिकवणार का, काय शिकवणार, आजारी पडले तर दवाखाना कुठला, घरी वर्षातून किती वेळा, फोन कधी. चांगली संस्था या प्रश्नांना चिडत नाही. चिडली तर तिथे उत्तर मिळालं असं समजा. आणि तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या सिस्टरला कसं सांभाळतात ते डोळ्यांनी बघून या, तिची खोली, तिचं जेवणाचं ताट, तिच्याशी कोण बोलतं. मी कपड्यांवरून संस्था निवडली होती, मला तो पांढरा झगा फार आवडायचा. हे म्हाताऱ्या सिस्टरचं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घरच्यांनी एक करावं, वडिलांनी एकदा जतच्या त्या घरी मुक्कामाला जावं. दुपारच्या चहापुरतं नको, पहाटे त्या उठतात तेव्हा तिथे असावं, आणि मग ठरवावं ती एनजीओ आहे का.

मिरजेची वाचक:

वारणाकाठची ताई, तुम्ही हे लिहिलंत याचं मोल मला शब्दात सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात मेहुणे जतला जायला तयार झालेत, मीही जाणार बरोबर.

भाचीला सगळं वाचायला दिलं. बऱ्याच दिवसांनी बोलली. तिचा प्रश्न असा की कार्मेलमध्ये त्या नऊ वर्षांत बाहेरून बीएड किंवा एमएस्सी करायला देतात का, का शिक्षण तिथेच थांबतं? तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत तिथे असलेलं कुणी असेल तर विचारून सांगाल का?